मर्जीचे पदक

१४ डिसेंबर १९३१, सोमवार

चार पदके आणि चारही ‘सेवापदक’! आज शब्दकोशाच्या कार्यालयात टिपणे मांडून बसले आणि डोके धरले. इंग्रजीत नावे निरनिराळी; मराठीत उतरवली की सगळी एक. पहिले पलटणीतल्या हवालदाराला, वर्षानुवर्षांच्या चाकरीबद्दल. दुसरे हिंदी शिपायाला, गोळीपुढे उभे राहिल्याबद्दल — नाव सेवेचे, काम शौर्याचे! उरलेली दोन साम्राज्याची, एक लष्करी, एक मुलकी. पदक तेच, जांभळी फीतही तीच. लष्करी असेल तर फितीच्या मधोमध तांबडी रेघ. वाचकाने ओळखायचे कसे?

मी चार वेगळ्या नोंदी करणार. संपादक शरच्चंद्रपंत म्हणतात, “अनसूयाबाई, कोश आहे हा, सराफाचे दुकान नव्हे. एकच नोंद करा.”

नाही करणार.

१६ डिसेंबर

मुलकी पदकाची व्याख्या लिहिली — ‘रणांगणाबाहेर सरकारची मर्जी राखल्याबद्दल मिळणारे पदक.’ पंतांनी ‘मर्जी’वर फुली मारली. “‘सेवा’ लिहा.” मी विचारले, सेवा कुणाची? पंतांनी दाराकडे पाहिले. मग हळूच — “रावसाहेब वाचतील हो!”

रावसाहेब म्हणजे सोमलिंगप्पा. कोशाला कागद त्यांच्या पेढीचा. आणि हेच मुलकी पदक त्यांना मिळालेले, गेल्या वर्षीच्या मार्शल लॉच्या दिवसांतल्या ‘मदती’बद्दल. सोलापुरात घराघराची दारे बंद होती, तेव्हा यांच्या अंगणात गोऱ्या सोजिरांना चहा मिळत होता. ही सेवा?

१९ डिसेंबर

रावसाहेब स्वतःच आले! कोटावर पदक.

“बाई, सगळी पदकं बादशहाचीच की! मग आमचा पाट पंगतीतून वेगळा का मांडता?”

“पाट वेगळा नाही, रावसाहेब. पंगतच वेगळी आहे.”

 पंतांचा चेहरा पांढरा पडला. रावसाहेब काठी आपटत गेले. मग आमचा शिपाई बिरप्पा पाण्याचा तांब्या घेऊन आला. “लई बरं केलं, बाई. माजा भाऊ बसऱ्याच्या लढाईत हात ठिवून आला. त्येचा बिल्ला आन ह्येंचा बिल्ला एका दावणीला बांदू नगा.”

नाही बांधणार, बिरप्पा.

२० डिसेंबर

अण्णांना कळलेच. कलेक्टर कचेरीतल्या कारकुनापासून गावातले काय लपणार? घरातली पहिली पदवी माझी, आणि तिच्यासाठी सगळ्या नातलगांशी भांडले ते अण्णाच. आज मात्र पानावरून मान वर केली नाही.

“एका शब्दासाठी वैर घ्यायचं? माझी भाकरी साहेबाच्या हातात आहे, अनू.”

“पण शब्द खरा आहे की नाही?”

 आईच म्हणाली, “आमटी निवतेय. पदकं जेवण झाल्यावर वाटा!”

मला हसू आले नाही. खोटे लिहायला शिकवायचे होते, तर बी. ए. कशाला केले?

२४ डिसेंबर

पंत म्हणाले, “शब्द काढा. नाहीतर त्या नोंदीखाली तुमचे नाव छापू. जे होईल ते तुम्ही निस्तरा.” त्यांना वाटले, घाबरेन.

दिले नाव! अनसूया कमलाकर जेऊरकर, बी. ए. चांगले ठसठशीत अक्षरात.  

२९ डिसेंबर

प्रूफ आले. चार नोंदी, प्रत्येकीखाली बाकीच्या तिघींकडे बोट दाखवणारे ‘पाहा’. ‘मर्जी’ जागच्या जागी! परवानगीसाठी कुणालाच दाखवणार नाही.

२ जानेवारी १९३२

सरकारच्या नव्या वर्षाच्या मानकऱ्यांत अण्णांचे नाव आहे. सेवापदक, मुलकी.

शेजारी पेढे मागत दारात उभे. अण्णा टोपीही न काढता माझ्यापाशी येऊन बसले, प्रूफ मागितले आणि ओळीवर बोट ठेवून वाचले. मीच म्हणाले — मी! — “अण्णा, अजून बदलता येईल.”

“राहू दे. जन्मभर मर्जीच राखली गं.”