तुमचा एकही अंदाज चुकला नाही

बाबूजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अकोल्यात कुणी भेटलं की तुमचं कौतुकच ऐकवतात आणि मला ते ऐकून घ्यावं लागतं. आज मी ऐकवणार आहे. तुम्ही शाळेत गणित शिकवायचात, पण लोक तुम्हाला ओळखायचे ते बारावीच्या निकालानंतरच्या दिवसांसाठी. त्या दिवसांत आपल्या ओसरीबाहेर चपला मावायच्या नाहीत. तुम्ही खुर्चीत, समोर मार्कशीट घेऊन उभा असलेला कुणीतरी बाप, त्याच्यामागे मान खाली घातलेलं पोरगं. "गुरुजी, मेडिकलले नंबर लागन काय याचा?" तुम्ही मार्क बघता, चष्मा कपाळावर चढवता, पोराकडे एकदाही बघत नाही. "लागत नाही. इथंच बीएस्सीले टाक." संपलं. बाप तुमच्या पाया पडतो, चहा पितो आणि निघतो. "काहून?" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. एकदा आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "भरू द्या ना पोट्ट्याले फॉर्म. तुमचं काय जाते?" तुम्ही म्हणालात, "आशेवर चढवून मंग पाडायचं काय त्याले?" त्यानंतर त्या दिवसांत आई फक्त चहा पाठवत राहिली.

माझीही पाळी आली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, हात कणकेनं भरलेले. मला नागपूरला इंजिनीअरिंगला जायचं होतं. तुम्ही माझी मार्कशीट इतरांची धरायचात तशीच धरलीत. "लागत नाही." मी म्हटलं, फॉर्म तरी आणते. तुम्ही म्हणालात, "घरच्या पोरीले गणित वेगळं नसते. कणीक मळून झाली काय?" पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी लेडीज सायकल आणलीत, इथल्याच कॉलेजात जायला. सगळी गल्ली बघायला आली. पोरीला सायकल घेऊन देणारा बाप म्हणून तुमचं नाव आणखी मोठं झालं. बीएस्सी होईपर्यंत मी ती चालवली, पण एक दिवसही पुसली नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी, माझ्याहून कमी मार्कांची, त्याच वर्षी नागपूरला इंजिनीअरिंगला गेली. तिच्या वडिलांनी तुम्हाला विचारलंच नव्हतं. हे मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा पेपरातून डोकं वर न काढता तुम्ही म्हणालात, "तिचं नशीब. माहा हिशोब बराबर होता."

तुमच्या तेरवीला मी पंगतीत वाढत होते. तुमचा एक जुना विद्यार्थी जेवायला बसला होता, आता त्याचं औषधांचं दुकान आहे. मोठ्यानं म्हणाला, "ताई, गुरुजीचा एक अंदाज चुकला नाही. मले म्हणाले, मेडिकलले लागत नाही. अन् खरंच नाही लागला."

मी विचारलं, "फॉर्म भरला होता का तुम्ही?"

"आता गुरुजीच नाही म्हणाले, तं कायले भरतो? येडा आहो काय मी?"

पंगत हसली. मी भाताचं पातेलं घेऊन पुढे सरकले आणि तुमचा सगळा कारभार मला तिथे, उष्ट्या पत्रावळींमध्ये समजला. ज्यांना तुम्ही हो म्हटलंत ते मार्कांवर लागणारच होते. ज्यांना नाही म्हटलंत त्यांनी फॉर्मच भरले नाहीत. मग तुम्ही चुकणार कसे? गणिताच्या शिक्षकाला हे दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. तुम्हाला दिसत होतं. मान मिळत होता म्हणून तुम्ही गप्प बसलात.

आता माझं ऐका. मीही गणितच शिकवलं, अमरावतीच्या ज्युनिअर कॉलेजात, आणि निवृत्त झाल्यावर माझ्याकडेही लोक येतात. फॉर्म आता कॉम्प्युटरवर भरतात, कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं टाकायची असतात. वरचं मिळालं नाही तर त्याच्या खालचं बघतात. वरचं मागितलं म्हणून खालचं जात नाही. एवढी साधी गोष्ट समजावताना माझा घसा बसतो. मागच्या महिन्यात तिवशाकडचा एक भाजीवाला माळी मुलीला घेऊन आला. आल्या आल्या वांग्यांची पिशवी दारात ठेवली. मुलीला पुण्याचं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज हवं होतं.

"मॅडम, इले सांगा तुमी. पुण्याचं पह्यलं टाकलं अन् नाही लागलं, तं अमरावतीचं हातचं जाईन."

"बाबा, जात नाही. दहादा सांगतलं."

"तू चूप. मी मॅडमले विचारून राहिलो."

मी मागच्या वर्षीचे आकडे पाहिले आणि म्हटलं, "पुण्याला नाही लागणार नंबर."

मुलगी म्हणाली, "टाकलं तं काही नुकसान होते काय, मॅडम?"

"नुकसान काही नाही."

"मंग तुमी नाही काहून म्हणून राहिल्या?"

बाप खेकसला, "अवं, मोठ्या मानसाशी असं बोलतेत काय?" मी त्याला गप्प बसवलं. प्रश्न बरोबर होता. तुम्हाला तो कुणी विचारला नाही, एवढंच. तिनं माझ्याच टेबलावर बसून पुण्याचं नाव सगळ्यात वर टाकलं.

काल पहिल्या फेरीचा निकाल लागला. तिचा फोन आला, "मॅडम, अमरावतीचं लागलं. पुण्याचं नाही. बाबा म्हणून राहिले, मॅडम बराबर बोलल्या होत्या." आणि श्वासही न घेता पुढे, "पण ही सीट धरून ठेवून पुढच्या फेरीत पुण्यासाठी थांबता येते ना?" येतं. थांब, असं मी तिला सांगितलं. बापालाही फोनवर बोलावून दरडावलं, की हातचं काही जात नाही, पोरीच्या मध्ये येऊ नका. हे तुम्ही माझ्यासाठी केलं नाहीत. एका फॉर्मचा प्रश्न होता, बाबूजी. माझा नंबर लागला नसता तर मी घरी कणीकच मळली असती.

हे पाठवायला तुमचा पत्ता नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. ती "पुण्याचं नाही" म्हणाली, तेव्हा मला बरं वाटलं. अमरावतीचं मिळालं म्हणून नव्हे, माझं खरं ठरलं म्हणून. पुढच्या फेरीत तिचा नंबर लागावा, असं मला वाटायला हवं. सकाळपासून मी तसं वाटून घ्यायचा प्रयत्न करते आहे.