उजवा कोपरा

प्रिय क्षितिज,

तुझ्या लग्नाची फोटो-फिल्म मी करते आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे संगीताच्या दिवशी दचकायला नको. कंपनी सोडून मी तळवड्यात स्टुडिओ टाकला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. खाली हार्डवेअरचं दुकान, वर मी. दिवसभर खाली पाइप कापतात आणि वर मी लोकांचे फोटो हलवत बसते. कारखान्यांच्या सेफ्टी फिल्म, वाढदिवस, लग्नं, सगळं करते. बरं चाललंय. बरं म्हणजे छानच चाललंय. उगाच विनय दाखवायचा मला पहिल्यापासून कंटाळा.

रावेतच्या हॉलवाल्याने काम पाठवलं, तेव्हा कुणाचं लग्न हे विचारलंही नव्हतं. पेनड्राइव्ह उघडला, तर दुपट्यात गुंडाळलेला तू! क्षणभर वाटलं, परत पाठवावं. पण घेतलेलं काम अर्ध्यात टाकायचं नाही, असा आमच्या बाबांचा शिरस्ता. आणि खरं सांगू, माझ्याइतकी चांगली फिल्म तुला इथे दुसरं कुणी करून देणार नाही.

तुझे लहानपणीचे फोटो सोपे गेले. ऋचाचेही. ती हसली की तिचे डोळे मिटतात. आवडली मला ती. गाडी अडली ती आपल्या चाकणच्या कंपनीतल्या फोटोवर. खंडेनवमीला मशीनची पूजा, प्रेसला झेंडूच्या माळा, पुढे आपली ट्रेनी लोकांची अख्खी बॅच नटूनथटून उभी. तू मधोमध. मी उजव्या कोपऱ्यात, आईची बारीक चौकड्यांची साडी नेसून. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तू विचारलं होतंस, ‘तू साडी नेसलीयेस की साडी तुला?’ आणि घरी पोचेपर्यंत मी हसत होते.

तर हा फोटो पडद्यावर हळूहळू जवळ आणायला घेतला, आणि माझी साडी लुकलुकायला लागली. बाकी सगळे शांत उभे, आणि कोपऱ्यात कापडावर मुंग्या चालल्यासारखं. बारीक रेघा पडद्याच्या ठिपक्यांत नीट बसत नाहीत. चित्र जरा सरकलं की एक रेघ दिसते, शेजारची गडप होते. त्यात मी अतिशहाणी! मोठ्या एलईडी पडद्यावर झकास दिसावा म्हणून फोटो मिळाला तेवढाच प्रचंड ठेवला, वर त्याच्या कडा आणखी धारदार केल्या. इकडच्या आम्हा सगळ्या एडिटर मंडळींना ही खोड आहे. गिऱ्हाईक ‘फोर-के’ म्हणतं आणि आम्ही ठिपके भरत सुटतो.

नेमक्या त्याच दिवशी पद्माकाकू लेकाची फिल्म बघायला आल्या. मला पाहून दारातच थबकल्या. ‘अगंबाई, मिनल, तुझा स्टुडिओ होय हा!’ मी चहा मागवला. फोटो आला तशा त्या पुढे सरकल्या. म्हणाल्या, ‘साडी फार लुकलुकतेय गं. तेवढा कोपरा कापून टाक ना.’ लुकलुकत होतंच, नाही कशाला म्हणू? पण कात्री साडीसाठी नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. राग आला. खूप आला. ‘बघते’ एवढंच म्हटलं.

मग हट्टालाच पेटले. आधी फोटो पडद्याच्या मापाला आणला, धार काढून टाकली. लुकलुक निम्म्यावर आली. मग अख्खा फोटो जरासा धूसर केला, तर सगळी बॅच धुक्यात उभी! ते पुसलं आणि फक्त साडीभोवती रेघ आखून तेवढंच कापड किंचित मऊ केलं. चेहरे, झेंडू, मशीन जसंच्या तसं. जवळ येण्याचा वेगही कमी केला. पुन्हा लावलं. साडी गप्प. आता बघणाऱ्याची नजर आधी तुझ्याकडे जाते, मग सगळ्यांवरून फिरते, माझ्यावरूनही फिरते आणि पुढे जाते. माझ्यावर अडत नाही. लग्न तुझं आहे, अडूही नये. मला चमकायचं नव्हतं रे, फक्त कापून घ्यायचं नव्हतं.

आता हे पत्र का, ते. दुरुस्त केलेली फिल्म मी काकूंना पाठवली. काल त्यांचा फोन आला. म्हणाल्या, ‘छान झालंय, पण तो कोपरा काढलाच तर बरं. क्षितिजलाही तसंच वाटतं.’ क्षितिज, हे वाक्य मी आधी एकदा ऐकलंय. आपलं ठरलेलं लग्न मोडायलाही काकूच आल्या होत्या आमच्या घरी. आईने पुढे केलेलं सरबत तसंच राहिलं, आणि उठताना त्या हेच म्हणाल्या होत्या, ‘क्षितिजलाही तसंच वाटतं.’ तू ना आलास, ना फोन केलास. मी ते तुझंच उत्तर मानलं आणि तुला विचारलंही नाही. फिल्म शुक्रवारी हॉलवर जाईल, फोटोसकट, कोपऱ्यासकट. तुला तो खरंच नको असेल, तर त्याआधी फोन कर आणि स्वतःच्या तोंडाने सांग. मी लगेच कापेन, का म्हणून विचारणारही नाही. पण तुझं उत्तर काकूंच्या तोंडून मी दुसऱ्यांदा घेणार नाही.

सुखी राहा दोघं.

तुझी बॅचमेट,
मिनल