झडपेचा मास्क

ती. दाजींना,

सहा फुटांवरून नमस्कार. (वाकलो की अंतर कमी होतं, म्हणून उभ्यानेच.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईची नवी किमो झाल्याचं कळलं. पांढऱ्या पेशी कितीवर आल्या ते कळवा. मला त्यातलं काही कळत नाही, पण आकडा ऐकला की बरं वाटतं. मी इकडे खुशाल. शाळेचं आणि माझं फार लवकर फाटलं, तेव्हा अक्षराला हसू नका.

मागच्या भेटीत तुम्ही केलेला पाहुणचार मी विसरलेलो नाही. बसमध्ये हाडं खिळखिळी करून सख्ख्या बहिणीला भेटायला आलो, तर तुम्ही दारात थर्मामीटर घेऊन उभे, जणू मी चोरीचा माल आणलाय. चपला बाहेर, पिशवी बाहेर, मी सरळ मोरीत, साबणाने दोनदा. वर अंगात तुमचा लेंगा (जो माझ्या घोट्याच्या वीतभर वर संपतो). कौतुकाने आणलेली फुलांची कुंडी तुम्ही जिन्यातच ठेवलीत, कारण मातीत बुरशी असते आणि ताईच्या अंगात सध्या तिच्याशी भांडायची ताकद नाही. ठीक. पण मास्कचं मला फार लागलं. मी गाड्यांना फवाऱ्याने रंग मारतो, तिथला मास्क साधासुधा नसतो, पुढे झडप असते, रंगाचा कण आत जात नाही. मिस्त्रीच्या हातापाया पडून नवाकोरा मिळवला होता. वाटलं, यापुढे दाजींची बोलती बंद. तुम्ही झडपेवर बोट रोखून विचारलंत, सोडलेला श्वास कुठून जातो? मी ऐटीत म्हणालो, इथूनच, मोकळा, म्हणून तर गुदमरत नाही.

"म्हणजे तू सुरक्षित," तुम्ही म्हणालात. "आणि ती?"

मग तुमचा मास्क लावून मी उघड्या खिडकीशी, ती पलंगावर, मध्ये अख्खी खोली. तिचं केस गेलेलं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. ती म्हणाली, काय बघतोस, कंगव्याची कटकट गेली. मी हसलो, पण मास्कमुळे तिला दिसेना, म्हणून हात हलवून हसल्याचं कळवलं (बस थांबवतात तसं).

परत आल्यावर ठरवलं, पुढच्या खेपेला आधीच शुद्ध होऊन जायचं. खोलीत आम्ही चौघं. मी पेला वेगळा केला, येता-जाता हात धुऊ लागलो, कोणी शिंकलं की बाहेर पळू लागलो. तिघांनी ठरवलं की साथीचा आजार मलाच झालाय. माझी वळकटी गॅलरीत टाकली, जेवणाचं ताट झाडूने सरकवू लागले, आणि मिस्त्रीने न मागता सुट्टी दिली. इतका निर्मळ मेव्हणा तुम्हाला कुठे मिळणार? तेव्हा विनंती, या खेपेला माझी खुर्ची पलंगाकडे हातभर तरी सरकवावी.

तुमचा धुतलेला,
मेव्हणा

ता. क. खुर्चीचं राहू द्या. खोलीतल्या तिघांपैकी ज्याने माझी वळकटी गॅलरीत टाकली तोच कालपासून खोकतोय, आणि ताट सरकवायला तोच यायचा. मी येत नाही. ताईला सांगा, मिस्त्रीने सुट्टी रद्द केली.

आणखी ता. क. आता खरं सांगतो. ताई मला चोरून फोन करते. म्हणते, दाजी जेवले की घोरतात, तू मागच्या दाराने ये, मी कडी काढून ठेवते. दोन वेळा टाळलं. परवा ती रडली. म्हणाली, "एकदा तुझ्या डोक्यावरून हात फिरवू दे." आई गेल्यापासून मी तिला कशालाच नाही म्हटलेलं नाही, आणि परवाही हो म्हणून बसलो. आता मी येत नाही असं लिहिलंय खरं, पण तिचा पुन्हा फोन आला तर पाय कुठे वळतील, माझा मलाच भरवसा नाही. म्हणून पाया पडतो, दुपारची झोप सोडा. मागच्या दाराला कुलूप घाला, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मी आलोच आणि काहीही सांगितलं तरी उघडू नका. बाहेरून शिव्या देईन, त्या मनावर घेऊ नका.