वेळअमावस्येच्या पोळ्या

आदरणीय योहान साहेब,

पत्र मिळालं. स्वीडनच्या दिल्ली वकिलातीतल्या पहिल्या नोकरीपासून राजदूत म्हणून निवृत्त होईपर्यंतचं सगळं तुम्ही पुस्तकात लिहिताय. सुरुवात आमच्या चाकूरच्या त्या दत्तक पोरापासून करणार म्हणता. त्याच्या कागदांवरची सही ही आयुष्यातली सर्वांत चांगली सही होती म्हणता.

मी मराठीत लिहितोय, कारण हे तुम्हाला वाचता येणार नाही.

त्या दिवशी तुम्ही मला, तुमच्या दुभाष्याला, म्हणालात, "अमृतराव, बाईंना विचारा, लेकरू परत येणार नाही हे त्यांना समजलंय ना?"

मी पोराच्या आईला, धुरपताबाईला, विचारलं, "जेवलीस का?"

ती "हाव" म्हणाली. मी तुम्हाला "येस सर" म्हणालो.

खरं विचारलं असतं तर ती पोराला उचलून पळाली असती. शिकवून परत आणतो, असं दत्तक देणाऱ्या संस्थेवाल्यांनी तिला सांगितलं होतं. तिच्या झोपडीपेक्षा तुमचा देश बरा, हे मीच ठरवून टाकलं.

दर वर्षी वेळअमावस्येला, आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, ती शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन माझ्या दारात येते. "दादा, माझ्या लेकराला पार्सल करा." छत्तीस वर्षं मी हाव म्हणतो. एकही पार्सल गेलं नाही. टाकवत नाहीत, म्हणून मीच खातो.

आता तिला दिसत नाही. काल भिंत चाचपडत आली आणि पहिल्यांदाच विचारलं, "तेला आवडत्यात का हो?"

मी "लई" म्हणालो.

साहेब, या वेळच्या पोळ्या मी खाल्लेल्या नाहीत. ही एक ओळ तेवढी खाली इंग्रजीतही लिहितो: पाया पडतो, त्या पोराचा पत्ता द्या.

तुमचा दुभाषी,
अमृतराव