सात किरणांचा सूर्य

नेइआफू, १४ ऑगस्ट

प्रिय सेमिसी यास,

ताईचे आशीर्वाद. इथं बेटावर आम्ही सगळे ठीक. कोनफळं भरपूर आलीत, पाद्रीबुवांचं प्रवचन आणखी लांबलंय. ऑकलंडच्या थंडीत गुडघे जप.

तीन पत्रांत तू एकच विचारलंस: लोसेची चित्रं कधी पाठवतेस? तिथल्या कलाशाळेला तुझ्या लेकीची स्वतःची तीन चित्रं हवीत, महिनाअखेरपर्यंत. मी आपली कोनफळांवर लिहीत राहिले. आता ऐक.

सोमवारी वर्गात कोरे कागद वाटले. म्हटलं, "मनाला येईल ते काढा." पोरं एकमेकांची तोंडं बघत बसली. एकीनं विचारलं, "बाई, बरोबर चित्र कुठलं?" तासाभरानं बत्तीस कागद आले. बत्तिसांवर एक माड, एक होडी आणि सात किरणांचा सूर्य! अकरा वर्षांपूर्वी भिंतीवर मीच लावलेला नमुना. आमच्याकडे त्यालाच दहापैकी दहा मिळतात. पोलिसांची कवायतसुद्धा इतकी एकसारखी होत नाही रे.

बत्तिसांत लोसेही होती. घरी विचारलं, "अगं, तुझे ते पायवाले मासे कुठं गेले?"

"कुठले मासे, आत्या?"

"पहिलीत झाडाच्या सालीच्या कापडाच्या तुकड्यावर काढले होतेस ते!"

"ते चूक होते ना. तुम्हीच फळ्यावर लावले होते, लाल फुली मारून. सगळे हसले होते." मग म्हणाली, "तुम्हीपण."

मी विसरले होते, सेमिसी. साफ विसरले होते.

शुक्रवारी दार लावून स्वतःच चित्रं काढायला बसले. खाली तिचं नाव घालणार होते; देवाला काय सांगायचं ते रविवारी बघू म्हटलं. आधी माड आला. मग होडी. मग हात आपोआप किरण मोजायला लागला. पेन्सिल टाकून दिली.

चित्रं नाहीत. होणारही नाहीत, निदान माझ्या छपराखाली तरी. आपल्यात भावाच्या लेकरांवर आत्याचा शब्द शेवटचा, म्हणून आजवर ना तिनं तो मोडला, ना तू. तर हा शब्दही मोडू नकोस: पोरीला घेऊन जा. त्या शाळेनं नाही घेतलं तरी ने.

आणि तिकडे गेल्यावर तिला सांग, आत्या चुकली म्हणून. मी काल सांगून पाहिलं. ती हसली आणि म्हणाली, "छे, आत्या! तुम्ही कशा चुकाल?"

तुझी,
जिची चूक अजून कुणी काढली नाही ती ताई,
फिफिता