उभी केली की बंद पडती

५ जानेवारी २००३
आज लई आनंद. रत्नपाल औरंगाबादहून स्वतःची गाडी घेऊन आला! जुनी हाय, पण हॉर्न काय वाजतो. पळताना बराबर पळती, उभी केली की धडधडून बंद. म्हणला, आई, तुझ्या नातीच्या, आकांक्षाच्या पहिल्या वाढदिवसाला तुला न्यायचंच हाय, पण अशा गाडीत कसं नेऊ? नीट झाली की येतो. गाडी दारात ठेवून एसटीनं गेला. किती काळजी माझी! वाढदिवस २ मार्चला. साक्षरता वर्गात लिहायला शिकले, आता गाडीचं सगळं लिहीन.

९ जानेवारी
वारंगा फाट्याहून धर्मसिंग मिस्त्री आले. प्लग पुसले, कार्बोरेटर खोललं. गाडी किती हालती बघायला मी बोनटवर पाण्याचा भरला पेला ठेवला. गाडी थरथरली, पेला खाली, गाडी बंद. म्हणले, मावशी, हा पेला माझी परीक्षा घेऊन राहिला. नातीचं दुपटं झालं. काठ माझ्या लुगड्याचा. लुगडं तसं धड होतं.

२ फेब्रुवारी
शेजारची धुरपताबाई म्हणली, एसटीला कार्बोरेटर लागत न्हाई, जा की बसून. जळती. लेक न्यायला येणार अन् मी एसटीनं जाऊ? त्याला काय वाटंल!

१९ फेब्रुवारी
मीच हुडकलं! चालू गाडीला कान लावला. कुकरचं रबर चिरल्यावानी सूं. मिस्त्रीला दाखवलं. रबराची नळी चिरलेली, तिथून हवा ओढून राहिली होती. नवी बसवली. पेल्यातलं पाणी हाललं न्हाई! रत्नपालला एसटीडीवरून सांगितलं, गाडी झाली. म्हणला, बघतो. बघतो म्हणजे येतोच.

२ मार्च, सकाळी ६
अंघोळ झाली, पिशवी भरली. मिस्त्रीनं किल्ली फिरवायला शिकवलंय. गाडी चालू करून ठेवली, आला की निघायचं.

सकाळी ८
एकदा बी बंद पडली न्हाई.

दुपारी ४
पेट्रोल संपलं.

३ मार्च
फोन सूनबाईनं उचलला. वाढदिवस झाला म्हणे. पाहुणे आजी कुठंय विचारत होते. रत्नपालनं सगळ्यांना सांगितलं, आईला आणणारच होतो, गाडीच नीट झाली न्हाई.
मीच त्या दिवशी फोनवर हळू बोलले असन.

४ मार्च
मिस्त्रीकडून थोडं पेट्रोल आणलं. बोनट उघडून नळी ओढून काढली. पेला भरून ठेवला, किल्ली फिरवली. पेला पडला, गाडी बंद.
आता लेक खोटा न्हाई.