रागिणीताईंच्या बाजूची जागा

७ जुलै, सोमवार

आज बसून गेले! अकोल्यापासून पार बडनेऱ्यापर्यंत. अमरावतीच्या ऑफिसात लागून महिना झाला, रोज महिला डब्यात दाराशी उभी. आज खिडकीजवळच्या बाईनं बाजूची पर्स उचलली. "बस वो. रोज उभी राह्यते, पाय नाही दुखत काय?"

रागिणी त्यांचं नाव. सगळ्या ताई म्हणतात. त्याही अमरावतीलाच नोकरीला. मूर्तिजापूरला त्यांची मैत्रीण सीमा चढली, मग डबे उघडले. माझ्या हातावर न विचारता अर्धी पोळी आणि वांग्याची भाजी. गाडीत कोणी असं पहिल्यांदाच वाढलं!

आडनाव विचारलं.

"वानखडे."

"कुठचे?"

"तेल्हाऱ्याचे."

"मंग आपलेच!" त्याच म्हणाल्या. मी तसं म्हटलं नव्हतं. वानखडे त्यांच्या कुणब्यांतही आहेत, आम्हा बौद्धांतही आहेत. वऱ्हाडात आडनावावरून कळतच नाही. सांगणार होते — पण गाडीचा आवाज फार होता.

नाही. आवाज नव्हता. गाडी स्टेशनात उभी होती.

१६ जुलै

आज उशीर झाला. धावत चढले. रागिणीताईंनी जागा धरून ठेवली होती. "इथं संध्या बसते," असं एका दुसऱ्या बाईला सांगत होत्या. दिवसभर तेच कानात.

५ ऑगस्ट, मंगळवार

दाराजवळ एक मुलगी उभी असते. आकांक्षा. माझ्याच वयाची असेल. जागा रिकामी असली तरी बसत नाही. आज कळलं, माझ्या आधी या जागेवर तीच बसायची.

"काय केलं तिनं?" मी विचारलं.

सीमा म्हणाली, "खोटं बोलली. नवऱ्यानं सोडलं होतं अन् आमाले सांगे, पुण्याले नोकरीले आहे."

"मग?"

"मंग काही नाही," रागिणीताई म्हणाल्या. "आमी कुठं काय केलं? फक्त बोलणं सोडलं." आणि हसल्या. सीमा हसली. मीही हसले.

मी काहून हसले?

२ सप्टेंबर, मंगळवार

बडनेरा स्टेशनच्या जिन्यावर आकांक्षानं गाठलं. सरळ म्हणाली, "सांगून टाक."

"काय सांगू?"

"मले काय माहीत! पण प्रत्येकीचं काही ना काही असतेच. त्या विचारत नाहीत. वाट पाहतात."

वर रागिणीताई उभ्या होत्या. "काय म्हणत होती ते?"

"टाइम विचारत होती."

"तिच्या हातात घड्याळ आहे," त्या म्हणाल्या. एवढंच. अमरावतीच्या ऑटोत माझ्या खांद्यावर हात ठेवून बसल्या.

उद्यापासून आकांक्षाकडे बघायचं नाही. बस.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. आई-बाबा नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. मी नाही गेले — पहिल्यांदाच. ऑफिसचं काम आहे म्हटलं. बाबांनी "बरं" म्हटलं आणि माझ्या वाटचा डबा पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला.

मी सोनं द्यायला रागिणीताईंकडे गेले. अंगणात खुर्च्या, दहा-बारा बाया. "हे आपली संध्या!" सगळ्यांना असं सांगत होत्या. तिथं त्यांचा दीर भेटला, नितेश. अमरावतीत बियाण्याच्या कंपनीत आहे. मी आपट्याची पानं दिली तर हातात धरून उभाच राहिला, खिशात ठेवायची त्याला आठवण राहिली नाही. बायका हसल्या.

घरी आले. घर रिकामं. ओट्यावरचा डबा उघडला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

महिना झाला, नितेश रोज बडनेऱ्याला गाडी घेऊन येतो. ताई म्हणतात, "तू जा याच्यासंग, मी ऑटोनं येतो." आज वाटेत थांबवलं. ठेल्यावरून संत्री घेतली, उभ्याउभ्या सोलली. प्रत्येक फोडीतली बी काढून मला देत होता. स्वतः एकही खाल्ली नाही. बोललाही नाही फार. मीच बडबडत होते. मी एवढी कधी बोलते?

त्याला सांगून टाकते. सोमवारी नक्की.

१० नोव्हेंबर

नाही सांगितलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ताई आज मूर्तिजापूर यायच्या आधीच म्हणाल्या, "तीस तारखेच्या रविवारी तुमच्या घरी येतो. मी अन् सीमा. आधी बायाबायाच. मंग नितेशले आणू."

म्हटलं, आता! आत्ताच सांगायचं. "ताई, एक सांगायचं होतं —"

त्यांनी माझा हात दाबून धरला. "काही सांगू नको. घर पाह्यलं का सगळं समजते."

समोर आकांक्षा दाराशी उभी. आमच्याकडेच बघत होती. मी मान फिरवली.

२३ नोव्हेंबर, रविवार

घरी सांगितलं. नितेशचंही सांगितलं. आईनं आधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "त्यायले माहीत आहे ना, आपण कोन ते?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

समोरच्या खोलीत, दारातून आल्याआल्या दिसतो बाबासाहेबांचा फोटो. बाजूला बुद्धाची तसबीर. मी म्हटलं, फक्त एक दिवस. ते मला ओळखतील, मग मी स्वतः सांगीन. फक्त एक दिवस, बाबा.

बाबा पेपर वाचत होते. घडी केली. "काढतो. पण मंग मलेही आतच बसा लागन."

आई म्हणाली, "शेषराव!" — आई बाबांना कधीच नावानं हाक मारत नाही.

नितेशचा फोन आला होता. उचलला नाही. मग परत केला. त्याचा आवाज ऐकला आणि सगळं विसरले! अशी कशी मी?

२९ नोव्हेंबर, शनिवार

बाबा स्वतःच स्टुलावर चढले. मी हात पुढे केला. त्यांनी फोटो माझ्या हातात दिला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

झालं. व्यवस्थित झालं!

आल्या तेव्हा ताईंच्या हातात पेढ्यांचा डबा. सीमा सगळं घर फिरून पाहत होती — भिंती, कपाट, कोपरे. ताई मात्र शांत. आईशी केवढं गोड बोलल्या. चहा घेतला, अजून अर्धा कप मागून घेतला. माझ्या जिवात जीव आला. मी उगीचच घाबरत होते का?

"बाबा दिसत नाहीत?"

"बरं नाही त्यायले," आई म्हणाली. मान वर न करता.

ताईंनी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "करू द्या आराम."

जाताना माझी हनुवटी धरली. "लय गुणाची आहे तू."

त्या गेल्यावर आतल्या खोलीत गेले. बाबा पलंगावर बसलेले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. सकाळपासून घालून बसले असतील. मांडीवर फोटो, पालथा.

"गेल्या?"

"हो."

"चांगल्या आहेत?"

"हो, बाबा."

"मंग झालं."

रडू येत होतं, पण आनंदही होता. दोन्ही. हे लिहितानाही दोन्ही आहे. उद्या नितेशला सांगते, आता भीती नाही. त्यांनी आमच्या घरचा चहा घेतला आहे!

त्याला तीनदा फोन केला. कामात असेल.

१ डिसेंबर, सोमवार

माझ्या जागेवर पर्स होती. उचलली नाही.

मी उभीच. ताई सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं बोलल्या, पण आवाज अगदी मायेचा, रोजच्यासारखा — "काल फोटो कुठं ठेवला होता वो? आत, बापाजवळ?"

मग म्हणाल्या, "आमाले तर जुलैपासूनच माहीत आहे, तेल्हाऱ्यात विचारलं होतं. नितेशलेही. सीमा म्हणे, संध्या फोटो नाही काढनार. मी म्हटलं, पाह्य तू, काढते."